फळ्यावरची साखळी आणि शाळेमागचा उंबर

काही दिवसांपूर्वी कांदिवली पूर्वेच्या एका शाळेत चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून परिसर अभ्यासाचा तास पाहिला. विषय होता, सजीव एकमेकांवर कसे अवलंबून असतात. बाईंनी तयारी चांगली केली होती. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार अशी पाच चित्रे काढली, मध्ये बाण घातले आणि वर लिहिले, ‘अन्नसाखळी’. मुलांनी ती वहीत सुबकपणे उतरवून घेतली. ‘साप नाहीसे झाले तर काय होईल?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, ‘बेडूक वाढतील!’

तास संपत आला होता. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. तिचे घर राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीत. ती म्हणाली, ‘‘बाई, आमच्याकडे बिबट्या कुत्र्याला उचलून नेतो. मग कुत्रा साखळीत कुठे येतो?’’ बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘ते आपल्या धड्यात नाही. आधी हे लिहून घ्या.’’

बाईंना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मीही वर्षानुवर्षे हीच साखळी फळ्यावर काढत आलो आहे. पण त्या दिवशी वाटले, की तासातला सर्वांत चांगला प्रश्न आपल्या साखळीत बसत नसेल, तर साखळीच तपासून पाहायला हवी.

साखळीतून काय निसटते?

आपल्या राज्याच्या चौथीच्या ‘परिसर अभ्यास भाग १’ या पुस्तकातल्या एका पाठाचे नाव ‘सजीवांचे परस्परांशी नाते’ असे आहे. नाव फार चांगले आहे. नाते म्हटले की देणेही आले आणि घेणेही आले. पण वर्गात पोचेपर्यंत या नात्याची साखळी होते, तक्त्यावर चढते आणि परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नापुरती उरते.

पहिली अडचण बाणाची. गवताकडून नाकतोड्याकडे जाणारा बाण अन्न, म्हणजेच ऊर्जा, कुठून कुठे जाते ते दाखवतो. मूल मात्र बाण म्हणजे ‘खातो’ असे वाचते आणि मग गवत नाकतोड्याला खाते असा अर्थ होतो. बाण उलटा काढला म्हणून आपण गुण कापतो, पण बाणाचा अर्थ किती वेळा सांगतो?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कॅनडातील ग्रिफिथ्स आणि ग्रँट या संशोधकांनी १९८५ साली शाळकरी विद्यार्थ्यांच्या अन्नजाळ्याविषयीच्या समजुतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भक्ष्य आणि भक्षक असे थेट नाते असेल तरच एका प्राण्यातील बदलाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, अशी अनेकांची समजूत होती. आपल्या वर्गाचे उत्तर याच जातीचे आहे. बेडूक वाढतील, इथे मुले थांबतात. बेडूक वाढले तर नाकतोड्यांचे काय, नाकतोडे घटले तर गवताचे काय, हे विचारले जात नाही. साप उंदीरही खातो आणि बेडकाला बगळाही खातो, हे तर चित्रातच नसते.

‘अन्नसाखळी’ ही कल्पना रूढ करणारे चार्ल्स एल्टन स्वतः साखळीपाशी थांबले नव्हते. ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ या १९२७ सालच्या पुस्तकात त्यांनी एखाद्या ठिकाणच्या सगळ्या साखळ्या एकत्र जोडून पाहिल्या. आज आपण त्याला अन्नजाळे म्हणतो. आपण त्यांच्या कल्पनेचा सर्वांत सोपा तुकडा उचलला आणि तोच पुरेसा मानला.

तिसरी अडचण अशी, की साखळीत झाडाला एकच काम असते, खाल्ले जाण्याचे. परागीभवन, बियांचा प्रसार, घरटी, ढोली, सावली, शेण आणि पालापाचोळ्याचे खत हे सगळे बाहेर राहते. प्राणीही वनस्पतींना काही देतात, हे मुलाला कळतच नाही.

उंबर फोडून पाहू या

मग लहान मुलांना शिकवायचे तरी कसे? माझे म्हणणे असे, की पाच प्राण्यांची साखळी दाखवण्याऐवजी एकच झाड निवडावे आणि ते वर्षभर पाहावे. त्यासाठी उंबरासारखे झाड नाही. मुंबईच्या उपनगरांत ते रस्त्याकडेला, देवळापाशी, जुन्या वाड्यांच्या आवारात सापडते.

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. खरे तर उंबराला फुले भरपूर येतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. कच्चे उंबर आडवे कापून भिंगातून पाहिले, की आतल्या बाजूने दाटीवाटीने बसलेली बारीक फुले दिसतात. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘मग आत मधमाशी जाते कशी?’’ धडा इथूनच सुरू होतो.

आत मधमाशी जात नाही. जाते ती चिलटाएवढी, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक माशी. आपण तिला उंबरमाशी म्हणू. गोळ्याच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून मादी आत घुसते. वाट इतकी चिंचोळी, की बहुधा तिचे पंख तुटून पडतात. दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडी पडतात तिथे पिल्ले वाढतात, इतर फुलांत बी धरते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते आणि गोळ्याला बाहेर जाण्याची वाट तेच पोखरतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात आणि दुसरा उंबर शोधतात. या माशीची पिल्ले उंबराखेरीज कुठे वाढत नाहीत आणि तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही.

हे मुलांना स्वतः पाहता येते. रंग नुकताच बदलू लागलेली पाच-सहा उंबरे काचेच्या बरणीत ठेवावीत आणि तोंडाला पातळ फडके बांधावे. उंबरे योग्य वेळी तोडलेली असतील तर एक-दोन दिवसांत बरणीत माश्या दिसतात. न दिसल्या तर पुन्हा करावे. तोही विज्ञानाचाच भाग आहे.

यानंतर झाडाखाली बसावे. पिकलेल्या उंबरांवर तांबट, बुलबुल, कोकीळ आणि खार येते, संध्याकाळनंतर वटवाघळे येतात. कोण आले, किती वेळ थांबले, याची नोंद मुलांनी ठेवावी. शेवटी शाळेच्या इमारतीकडे बोट दाखवून विचारावे, ‘‘गच्चीच्या कठड्यावर हे उंबराचे रोप कोणी लावले?’’ पक्ष्याच्या विष्ठेतून बी कसे प्रवास करते, याचे उत्तर मुले स्वतःच शोधून काढतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘सगळे सजीव एकमेकांना मदत करतात’ असे गोड तात्पर्य काढू नये. माशी उंबरावर उपकार करत नाही, ती आपल्या पिल्लांची सोय पाहते. शिवाय उंबरात अंडी घालून परागीभवन मुळीच न करणाऱ्या माश्याही असतात आणि या माश्यांना पकडणाऱ्या मुंग्याही झाडावर फिरतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंबराच्या जगावर बरेच संशोधन केले आहे. अवलंबन म्हणजे सद्भावना नव्हे, हे चौथीच्या मुलालाही समजते. घरातली नाती ते पाहतच असते!

त्या मुलीचे उत्तर

आता कुत्र्याकडे वळू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि कांदिवलीच्या पूर्वेकडच्या वस्त्या त्याला अगदी खेटून आहेत. निकित सुर्वे यांनी २०१५ साली केलेल्या अभ्यासात उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वन्य प्राण्यांचा वाटा मोठा असला, तरी जवळपास पाव वाटा कुत्र्यांचा होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला गेला, की हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे १००० कुत्र्यांचे चावे टळतात. अर्थात हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे.

मग कुत्रा काय खातो? आपण टाकलेले शिळे अन्न, उघड्यावरचा कचरा. ती पोळी आली कुठून? दूरच्या एखाद्या गव्हाच्या शेतातून. म्हणजे या साखळीच्या सुरुवातीलाही वनस्पतीच आहे आणि मधल्या एका दुव्यावर कांदिवलीतले प्रत्येक घर आहे. तक्त्यावरच्या साखळीत माणूस कुठेच नसतो. तो चित्राबाहेर उभा राहून निसर्ग पाहतो. त्या मुलीने एका प्रश्नात त्याला चित्रात आणून उभे केले होते.

ही गोष्ट पुस्तकी नाही. २००४ साली उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी ‘बिबटे पकडून दूर सोडा’ ही मागणी हमखास होते. जुन्नर भागात असे करून पाहिले गेले. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर संघर्ष मिटला नाही, उलट वाढला, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसले. कचरा उघड्यावर न टाकणे आणि मुलांनी अंधारात एकटे बाहेर न जाणे, हे उपाय नीट समजायचे तर कचरा, कुत्रा आणि बिबट्या यांचे नाते आधी समजले पाहिजे. वस्तीतल्या त्या मुलीच्या दृष्टीने हा गुणांचा प्रश्न नाही, रात्री घराबाहेर पाऊल टाकण्याचा आहे.

साखळी फळ्यावरून पुसून टाकावी असे मी म्हणत नाही. ती शेवटी यावी, मुलांच्या नोंदींतून निघावी आणि तिला फाटे फुटावेत. चाचणीत ‘अन्नसाखळी पूर्ण करा’ याऐवजी ‘तुझ्या घराजवळच्या एका झाडाकडे कोण कोण येते, काय घेते आणि काय देऊन जाते ते लिही’ असा प्रश्न विचारून पाहावा. उत्तरे तपासायला वेळ लागेल, प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल आणि काही उत्तरे आपल्यालाही ठाऊक नसतील. तेव्हा ‘ते आपल्या धड्यात नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘चल, जाऊन पाहू’ असे म्हणता आले, तर धड्याच्या मथळ्यातला ‘नाते’ हा शब्द मुलांना खऱ्या अर्थाने भेटेल.