भेटीचा क्षण आणि त्यानंतरचा काळ : दोन सिद्धांतांची चिकित्सा

रँडल कॉलिन्स यांचा ‘इंटरॅक्शन रिच्युअल चेन्स’ आणि डॅनिअल स्टर्न यांचा ‘द प्रेझेंट मोमेंट इन सायकोथेरपी अँड एव्हरीडे लाइफ’ हे दोन्ही ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिला समाजशास्त्राचा, दुसरा मानसोपचाराचा. परंतु माणूस माणसाला समोरासमोर भेटतो तो अल्प क्षण हाच दोहोंच्या विवेचनाचा पाया आहे. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, अंधेरी परिसरात या दोन्ही मांडण्यांची जणू परीक्षाच झाली.

त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल बंद पडल्या. कचेऱ्यांतून, कारखान्यांतून निघालेले लोक पश्चिम द्रुतगती महामार्गावरून पाण्यातून चालत राहिले. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरले. वाटेवरच्या वस्त्यांतील रहिवाशांनी चहा-बिस्किटे दिली, कित्येकांना रात्रीपुरता आसरा दिला.

कॉलिन्स यांच्या मते शारीरिक सहउपस्थिती, एकाच गोष्टीवर खिळलेले लक्ष, समान भावस्थिती आणि बाहेरच्यांना वेगळे ठेवणारी सीमा या चार घटकांतून ऐक्यभाव निर्माण होतो. त्या रात्री पहिले तीन होते, चौथा नव्हता. वाटेत भेटेल तो आपला होता. येथे व्हिक्टर टर्नर यांची ‘कम्युनिटास’ ही संकल्पना अधिक उपयोगी ठरते. मात्र टर्नर यांनी आधार घेतलेल्या, पंढरीच्या वारीवरील इरावती कर्वे यांच्या लेखातच तिची मर्यादाही दिसते : वाटेने एकत्र भजन करणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला वेगळे बसत. वृत्तपत्रांनी नंतर गौरवलेल्या ‘मुंबई स्पिरिट’चा विचार करताना हे निरीक्षण विसरता येत नाही.

स्टर्न यांचा क्षण अवघ्या काही सेकंदांचा असतो. त्यांच्या एका उदाहरणात कोचावर पडून बोलणारी व्यक्ती अचानक उठून उपचारकाकडे पाहते. स्तब्धतेनंतर उपचारक फक्त ‘हॅलो’ म्हणतो आणि नाते पालटते. उदाहरण प्रभावी आहे, परंतु त्या ‘हॅलो’ला ठरलेल्या वेळी पुन्हा होणाऱ्या भेटीचा आधार आहे, याला विवेचनात पुरेसे महत्त्व मिळत नाही. पुनरावृत्तीचे महत्त्व कॉलिन्स जाणतात. ‘साखळी’ हा शब्दच त्याचा पुरावा. अमेरिकेतील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या ऐक्यभावाचा भर सुमारे तीन महिने टिकला, असे त्यांनीच दाखवले. तथापि त्यांची पुनरावृत्ती विधीची आहे, त्याच दोन माणसांची नव्हे. महामार्गावर हात धरून चाललेल्या दोघांनी कदाचित नावेही विचारली नसतील.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. एरवी वस्तीतील माणूस घेणारा आणि नोकरदार देणारा मानला जातो. त्या रात्री दिशा उलटली. अशा उलटलेल्या देवघेवीसाठी दोन्ही ग्रंथांत संज्ञा नाही. त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. त्या रात्री कुणाच्या तरी घरी चहा घेतलेला माणूस त्या वस्तीकडे पुन्हा गेला की नाही, हे विचारल्याशिवाय ‘परिवर्तन’ हा शब्द येथे वापरता येत नाही.