न हसता गायलेली हसरी गाणी

माक्स राबे गाताना काहीच करत नाही, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. टेलकोट, बो-टाय, चापून बसवलेले केस. माइकसमोर ताठ उभं राहून तो एक कडवं म्हणतो, मग मागे जाऊन पियानोला टेकतो आणि वाद्यवृंद वाजत असताना कुठेतरी पाहत राहतो. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. गाणी मात्र 1920-30च्या दशकांतल्या बर्लिनची : शब्द चावट, ठेका पाय हलवायला लावणारा. आणि गाणारा पोस्टाच्या रांगेत उभा असल्यासारखा. मीही पहिल्यांदा दोन गाणी ऐकून व्हिडिओ बंद केला होता. सुबक नक्कल, एवढंच वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

राबेचं खरं नाव माथियास ओटो. जन्म 1962चा, पश्चिम जर्मनीतल्या ल्यूनेन या गावचा. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गायला, विशीत पश्चिम बर्लिनला आला आणि तिथल्या कला महाविद्यालयात ऑपेरागायन शिकला. भिंत अजून उभी होती. 1986च्या सुमारास त्याने बरोबरच्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘पालास्ट ऑर्केस्टर’ उभा केला. जुन्या बाजारांतून त्या काळच्या नाचगाण्यांच्या मूळ वाद्यरचनांचे कागद गोळा केले. पहिलं वर्ष सगळं तालमीतच गेलं. 1987मध्ये बर्लिनच्या ‘थिएटर बॉल’मध्ये त्यांना पहिली संधी मिळाली, तीही बाहेरच्या दालनात, मुख्य कार्यक्रमाला जोड म्हणून. आतली माणसं उठून बाहेर ऐकायला आली. 1992मध्ये त्याने स्वतः लिहिलेलं, जुन्या घाटाचं एक गाणं गाजलं : आपल्याला कुणी फोनच करत नाही, अशी एका माणसाची कुरकुर. तेव्हापासून हा संच जगभर फिरतो आहे.

ही सगळी यशोगाथा झाली. माझा प्रश्न त्या थंडपणाचा होता. त्याचं अर्धं उत्तर जुन्या तबकड्यांतच आहे. त्या काळच्या नृत्यसंगीताच्या जर्मन तबकड्यांवर गायकाचा उल्लेख बऱ्याचदा ‘ध्रुवपदाचं गायन’ एवढाच असे. आधी वाद्यवृंद वाजायचा, मग गायक येऊन एखादं कडवं गायचा आणि बाजूला व्हायचा. गाणं नाचणाऱ्यांचं असे. त्यात 1925च्या आसपास मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली. हलक्या, जवळच्या, किंचित नाकातल्या आवाजात गाता येऊ लागलं. राबे ऑपेरा शिकलेला बॅरिटोन आहे, तरी तो भरदार आवाज बाजूला ठेवून ही बारीक, वरच्या पट्टीत तरंगणारी लकब वापरतो. पियानोला टेकून उभं राहणं हाही त्याच शिस्तीचा भाग.

उरलेलं अर्धं उत्तर 1933मध्ये आहे. ही गाणी रचणाऱ्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. मिशा श्पोलियान्स्की लंडनला गेला. वेर्नर रिखार्ड हायमान हॉलिवूडला पोचला. ते वाचले. फ्रिट्झ ल्योनर-बेडा हा त्या काळातला अतिशय लोकप्रिय गीतकार. तो 1942मध्ये आउश्वित्झला मारला गेला. स्वतःची गाणी पियानोवर बसून गाणारा विली रोझेन आणि नट-गायक कुर्ट गेरॉन यांनाही 1944मध्ये तिथेच मारलं. ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ या सहा जणांच्या प्रसिद्ध संचातले तिघे ज्यू होते. 1935मध्ये त्या संचावर बंदी आली. म्हणजे ही गाणी जुनी होऊन मागे पडली नाहीत. रचणाऱ्यांसकट त्यांना हाकलून लावलं गेलं.

मग जर्मन गायकाने ती आज कशी गायची? आपल्याकडच्या जुन्या गाण्यांच्या मैफलीत निवेदक दोन गाण्यांच्या मधे गहिवरतो. तसं राबेला सहज करता आलं असतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण गहिवरलं की श्रोत्याचं काम गायकच उरकून टाकतो. राबेचं निवेदन कोरडं आणि तिरकस असतं. तो विनोद सांगतो, हसत नाही आणि गाण्याकडे वळतो. गाणं पूर्वी होतं तसंच हसरं राहतं. ते का थांबलं होतं, हे आठवायचं की नाही, ते आपल्यावर सोडलेलं असतं. जगात कुठेतरी आपल्या वाट्याचं थोडं सुख असेल, अशा आशयाचं हायमानचं 1932चं एक गाणं तो असंच, काही न सुचवता गातो. पुढच्याच वर्षी हायमानला देश सोडावा लागला. हे माहीत असलेल्याला ते गाणं बसल्या जागी ऐकवत नाही. माहीत नसलेल्यालाही ते गोड वाटतंच, आणि तेही लबाडीचं नाही. रचणाऱ्यांना ते गोडच वाटायला हवं होतं.

2007मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्याने श्पोलियान्स्कीच्या 1932च्या गाण्याचं नाव दिलं : ‘आज रात्री किंवा कधीच नाही’. 2010मध्ये तो इस्रायलला गेला. त्या दौऱ्यावर माहितीपट निघाला आहे. श्रोत्यांत जर्मनी सोडून आलेली म्हातारी माणसं होती आणि ही गाणी त्यांच्या तरुणपणाची होती. तिथे नाटकी पश्चात्ताप केला असता तर त्यांची गाणी पुन्हा एकदा त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

त्याचं सगळंच मला पटत नाही. ब्रिटनी स्पिअर्सची, टॉम जोन्सची गाणी जुन्या थाटात गाणं हा एका ऐकण्यापुरता विनोद आहे. तिथे तोच थंडपणा नुसती सवय होऊन बसतो, कारण त्या गाण्यांमागे काही दडलेलं नाही. दुसरा धोका मोठा आहे. टेलकोट इतका देखणा दिसतो की विसाचं दशक म्हणजे एक लांबलेली मेजवानी होती असं वाटावं; बेकारी आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्या त्यात कुठे दिसत नाहीत. हा आरोप मी पूर्ण खोडू शकत नाही. त्याची पद्धत श्रोत्याच्या माहितीवर विसंबते, आणि ती माहिती दर पिढीगणिक कमी होते आहे.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही. बर्लिनमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार वाल्टर कॉफमन नाझींमुळेच 1934मध्ये मुंबईला आला आणि पुढे इथल्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. तंबोऱ्यावर व्हायोलिन उमटणारी आकाशवाणीची ती धून त्याची मानली जाते. आमच्या घरी रोजची सकाळ तिनेच व्हायची. ती कुणाची, असं कधी कुणी विचारलं नाही. राबेच्या गाण्यांबद्दल वाचत गेलो तेव्हा कुठे मी ते नाव शोधलं.