लांजी, बैहर आणि 'हेमाडपंती' हा शब्द

जुन्या वास्तू पाहण्याची आवड आपल्याकडे वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांविषयी लिहिण्याची आपली रीत मात्र होती तेथेच आहे. बालाघाट जिल्ह्यातील लांजी, बैहर आणि हट्टा या ठिकाणांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते वाचताना आम्हांला हे वारंवार जाणवले. देऊळ दिसले की 'हेमाडपंती', तट दिसला की 'गोंडकालीन', बावडी दिसली की कोणा राजाची दंतकथा! एवढे लिहिले की लेखणी थांबते, आणि पुढचा वर्णनकार तेच शब्द उचलतो.

यांतील पहिला शब्द सर्वांत अधिक घातक आहे, म्हणून त्याचाच विचार प्रथम करू. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील माणूस. 'चतुर्वर्गचिंतामणि' या ग्रंथाचा हा कर्ता लोकांच्या तोंडी हेमाडपंत झाला आणि चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभारलेले प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर चढले. वास्तविक अंबरनाथच्या देवळातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या जन्मापूर्वी दीडएकशे वर्षे जे उभे होते, ते त्याच्या नावाने ओळखावे, यात काय शहाणपण आहे? इंग्रज अमदानीतील गॅझेटियरकारांनी हा शब्द आपल्या लोकांकडून घेतला आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या वर्णनांत सढळ हाताने वापरला; मग आपण तो त्यांच्याकडून छापील प्रमाण म्हणून परत घेतला. असा हा उसनवारीचा फेरा आहे. चुना न वापरता केलेले बांधकाम ही एक युक्ती आहे, ती शैली नव्हे. आणि ती हेमाद्रीची तर नव्हेच नव्हे.

महाराष्ट्रात या शब्दाने निदान काळाचाच घोटाळा होतो; वैनगंगेच्या पलीकडे गेल्यावर त्याने प्रदेशाचाही होतो. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा एक शिलालेख आहे. त्यावर कलचुरी संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४ हे वर्ष आहे. जाजल्लदेवाला वर्षासन किंवा नजराणा देणाऱ्या मांडलिकांची त्यात जी यादी आहे, तीत लंजिका, वैरागर आणि भाणार ही नावे येतात. लंजिका म्हणजे लांजी, वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड. भाणार म्हणजे भंडारा असे विद्वान मानतात. तेव्हा बाराव्या शतकाच्या आरंभी लांजी हे एका मंडलाचे ठाणे होते आणि त्याचे तोंड पश्चिमेला देवगिरीकडे नव्हते, तर पूर्वेला महानदीच्या खोऱ्याकडे होते. हा एक लेख ज्याने वाचला, त्याला लांजीच्या परिसरातील जुन्या दगडांना 'हेमाडपंती' म्हणताना निदान अडखळावे तरी लागेल. डॉ. वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा जो महाग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, त्यात हा सारा मजकूर साधार मांडलेला आहे. मिराशींनी आयुष्य नागपुरात घालविले. आणि नागपूरहून निघणारा प्रवासी लांजीला जाताना त्यांचा ग्रंथ उघडत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

प्रत्यक्ष लांजीत पाहण्यासारखे काय आहे? किल्ला आहे, त्याभोवती खंदक आहे, खंदकाच्या काठी लांजकाई देवीचे स्थान आहे, आणि गावाबाहेर, एके काळी बांबूच्या रानात असलेले, कोटेश्वर महादेवाचे देऊळ आहे. तेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. किल्ला गोंडांनी बांधला असे मानतात. म्हणजे जाजल्लदेवाच्या लेखातील लंजिका आणि आज दिसणारा तट यांच्यामध्ये काही शतकांचे अंतर आहे. हे अंतर वर्णनकार एका 'प्राचीन' या विशेषणात बुजवून टाकतात. वस्तुतः लांजीची खरी गोडी या अंतरातच आहे. एकाच जागी आधी कलचुरींचा मांडलिक, पुढे गोंड राजे, त्यानंतर नागपूरकर भोसले आणि शेवटी इंग्रजांचा तहसीलदार असे थरांवर थर बसले आहेत. पाहणाराने कोणता दगड कोणत्या थराचा आहे हे विचारले पाहिजे. द्वारशाखेवरची कोरणी, जोत्याचे थर, मागाहून बसविलेला दगड, दुरुस्तीचा चुना हे नीट न्याहाळले तर सारी उत्तरे नाही तरी काही उत्तरे तेथेच मिळतात.

लांजकाईविषयी एक शब्द. देवीच्या नावावरून गावाला लांजी हे नाव पडले असे सांगतात. आम्हांला हे उलटे वाटते. इ. स. १११४ च्या लेखातील 'लंजिका' हेच नाव देवीने आठ-नऊ शतके आपल्याजवळ सांभाळून ठेविले असावे. हा आमचा तर्क आहे. पण लिपी न जाणणाऱ्या भाविकांनी गावाचे जुने नाव विद्वानांपेक्षा अधिक निष्ठेने जपले, ही कल्पना आम्हांला सोडवत नाही.

बालाघाट जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर लो नावाच्या अधिकाऱ्याने १९०७ साली संपादित केले. महसूल, जंगल आणि जमीनदाऱ्या यांच्या मानाने त्यात वास्तूंना मिळालेली जागा तुटपुंजी आहे. तथापि शतक उलटले तरी आपण त्याच्याच भांडवलावर जगत आहोत. त्याच इंग्रजांच्या घरची स्थिती पाहा. निकोलस पेव्हस्नर या जर्मनीत जन्मलेल्या पंडिताने १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या एकेका काउंटीतील वास्तूंची पाहणी करून ४६ खंड प्रसिद्ध केले. सफोकचा खंड १९६१ चा. लॅव्हनम या लहानशा गावात ट्यूडर काळातले, सुमारे १५३० चे, लाकडी सांगाड्याचे एक सभागृह आहे. लोकरीच्या कापडावर गबर झालेल्या त्या गावातील एका धार्मिक मंडळाने ते बांधले. पुढे तेथे तुरुंगही झाला आणि अनाथ-दरिद्री लोकांचे कामघरही झाले. प्रवासी हे सारे जाणून तेथे उभा राहतो. पेव्हस्नरची भाषा रुक्ष आहे, प्रसंगी फटकळही आहे. आवडले नाही ते तो आवडले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे मात्र देऊळ म्हटले की ते 'अप्रतिम'च असावे लागते! मग ज्याला खरोखर अप्रतिम म्हणावे, त्याच्यासाठी शब्द उरत नाही.

हट्ट्याच्या बावडीला तो शब्द आम्ही राखून ठेवला असता. जमिनीखाली मजल्यावर मजला आणि त्यांना पेलणारे खांब. उन्हाळ्यात माणसाने पाण्याजवळ जाऊन बसावे, इतक्या विचाराने ही वास्तू रचिली आहे. गोंड राजवटीत ती झाली असे सांगतात. देवळाला कारागीर मिळतो, परंतु पाण्याला एवढा कारागीर मिळालेला या भागात आम्हांला दुसरा ठाऊक नाही. गोंडांना केवळ रानचे राजे समजणाऱ्या आपल्या पांढरपेशा कल्पनेला ही एक बावडी पुरेसे उत्तर देते.

बैहरची गोष्ट थोडी निराळी. तेथे जुन्या दगडी देवळांचे अवशेष आहेत. परंतु कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे वाघ पाहण्यासाठी धावणाऱ्या गाड्या तेथून पुढे निघून जातात. वाघाबद्दल आमची तक्रार नाही. देऊळ पळून जात नाही, एवढाच त्याचा दोष.

हे काम करावयाचे कोणी, हा प्रश्न उरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवसापासून मराठी लेखकाची नजर जणू गोंदियालाच थांबली. आणि भोपाळहून पाहणाऱ्याला हा जिल्हा फार दूरचा. जाजल्लदेवाच्या एका दगडावरील नावे आज तीन राज्यांत विखुरली आहेत, आणि त्यामुळे ती एकत्र वाचणारा कोणी राहिला नाही. गोव्याच्या वाचकांना हे दुःख नवे वाटणार नाही. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ कदंबांच्या काळचे. पण त्यालाही 'हेमाडपंती' म्हणणारे मराठी प्रवासी आम्ही वाचले आहेत. राजवंश निराळा, प्रदेश निराळा, तरी शिक्का तोच!

ज्यांना जावयाचे आहे त्यांनी पावसाळा सरल्यावर निघावे, आणि प्रथम नागपूरच्या अजब बंगल्यात एक दिवस काढावा. रतनपूरचा तो शिलालेख तेथे आणून ठेविलेला आहे. मग हावड्याच्या लोहमार्गाने आमगावला उतरून सडकेने लांजी गाठावी. किल्ला सकाळी पाहावा, कोटेश्वर दुपारनंतर. आणि हट्ट्याला दुसरा दिवस द्यावा. बरोबर एक वही ठेवावी, आणि 'हेमाडपंती' हा शब्द तीत न लिहिता दिसेल ते लिहावे.