लोण्याच्या डब्यातून ढोल निघाला? सुर्दूच्या जन्मकथेची तपासणी

संशोधनाची तयारी करताना एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: 'अमक्या गोष्टीचा शोध तमक्याने लावला.' ते वहीत उतरवण्याआधी काय तपासायचं, हे आज सुर्दूच्या उदाहरणावरून बघू.

सुर्दू म्हणजे ब्राझीलच्या सांबातला सर्वांत मोठा ढोल. दोन्ही बाजूंनी मढवलेला, पट्ट्याने अंगावर अडकवलेला. एका हातात मऊ डोक्याची काठी, दुसरा हात नाद दाबायला. रिओच्या सांबा स्कूलमध्ये त्याचे सहसा तीन प्रकार वाजतात. सांबाचा ताल दोन मात्रांचा, पण वजन दुसऱ्या मात्रेवर. 'पहिला' सुर्दू, म्हणजे सर्वांत खर्जातला, हे वजन देतो. 'दुसरा' पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो. 'तिसरा' मधल्या जागा भरतो.

आता जन्मकथा. रिओच्या इश्तासियू वस्तीत 1928 साली 'देशा फालार' हा गट स्थापन झाला. त्यातल्या अल्सेबियादेस बार्सेलोस ऊर्फ बिदे याने लोण्याचा मोठा रिकामा डबा मढवला आणि सुर्दू जन्मला! कथा छान आहे, म्हणूनच ती सगळीकडे जशीच्या तशी छापली जाते. तिला तीन प्रश्न विचारा.

पहिला: पुरावा कसला? मुख्यतः त्या पिढीने बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आठवणी. मग कोणी म्हणेल, जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. पण ब्राझीलमध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण 1927 साली आलं. त्याआधीच्या भोंग्यात खर्जाचे ढोल नीट पकडले जातच नव्हते. रस्त्यावरच्या सांबाची वाद्यं स्टुडिओत आणणाऱ्या पहिल्या मुद्रणांपैकी एक, 'ना पावुना', 1929 चं. म्हणजे तबकडीवर ढोल नाही, यावरून तो रस्त्यावरही नव्हता असं ठरत नाही.

दुसरा: 'शोध' नेमका कशाचा? मोठे ढोल रिओच्या कार्निव्हलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून होतेच. नवं होतं ते काम. त्याच गटातले इस्माएल सिल्वा सांगत, की जुन्या पद्धतीच्या सांबावर मिरवणुकीला चालता येत नसे. गात चालणाऱ्या गर्दीला लांबूनही ऐकू येईल असा ठोका हवा होता. शिवाय मांगेरा या प्रसिद्ध स्कूलच्या परंपरेत उत्तर देणारा दुसरा सुर्दू नसतोच. मग बिदेचा शोध कोणता म्हणायचा: डबा, ठोका की जोडीने वाजवण्याची रीत?

कार्लोस सांद्रोनी यांचं 'फेइतिसु देसेंते' हे 2001 चं पुस्तक मला इथे जास्त उपयोगी वाटतं. सांबा कोणी निर्माण केला यापेक्षा 1917 ते 1933 या काळात त्याचा ताल कसा बदलला, या प्रश्नाभोवती ते उभं आहे. असा प्रश्न तपासता येतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: कथा मोडली तर नुकसान कोणाचं? बिदे हा बुटांच्या कारखान्यात काम केलेला कृष्णवर्णीय कामगार. पुढे तो नावाजलेला गीतकार आणि स्टुडिओतला वादक झाला. माझा तर्क असा, की म्हणूनच त्याचं नाव टिकलं. शेजारी उभे राहून वाजवणाऱ्या कित्येकांचं टिकलं नाही. 'ही निव्वळ दंतकथा' असं लिहून तुम्ही मोकळे झालात, तर उरलेलं एकमेव नावही पुसाल आणि हाती काहीच येणार नाही. चिकित्सा म्हणजे खोडरबर नव्हे.

तेव्हा वाक्य खोडू नका, दुरुस्त करा: '1920 च्या दशकाच्या अखेरीस इश्तासियूच्या वादकांनी चालत्या सांबासाठी खर्जाचा ठोका बसवला, त्या पिढीच्या आठवणींत या ढोलाचं श्रेय बिदेला दिलं जातं.' हे वाक्य लांब आहे, मान्य. पण तोंडी परीक्षेत कोणी 'कशावरून?' विचारलं, तर त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.