ब्रेक कुठं दाबायचा? पडद्यावरचा वेग आणि हौशी ड्रायव्हरचा वेग

(धर्माबाद इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



विषयाचा फलक वाचून दारातच एकानं मला विचारलं, "सर, धर्माबादेत स्पोर्ट्स कार किती आहेत हो?" मी म्हटलं, माझ्या पाहण्यात तर एकही नाही. (हशा) आपल्याकडं मिरचीचे ट्रक आहेत, ट्रॅक्टर आहेत, बासरला जाणाऱ्या जीपा आहेत. मग हा विषय कशाला? तर स्पोर्ट्स कार आपल्या अंगणात नसली तरी ती आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आहे. ती चालवायची कशी, हे ती पोरं पडद्यावरून शिकतात आणि मोटारसायकलवर करून बघतात. म्हणून आज मी एका चित्रपटाबद्दल बोलणार आहे. तो चित्रपट मी स्वतः चुकीचा शिकवला, त्याबद्दलही बोलणार आहे.

चित्रपट आहे 'फोर्ड व्हर्सेस फेरारी'. २०१९ चा, जेम्स मॅनगोल्ड दिग्दर्शक. मॅट डेमन कॅरोल शेल्बी झालाय आणि ख्रिश्चन बेल केन माइल्स. फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९६६ साली फोर्डनं फेरारीला हरवलं, त्याची ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळात मी तो दाखवला. दाखवून झाल्यावर पाऊण तास बोललो. संकलन कसं आहे, आवाज कसा आहे, गिअर बदलताना कॅमेरा कुठं जातो, इंजिनाचा काटा सात हजारांवर गेला की सगळं कसं शांत होतं. पोरं खूश. एक मुलगा मागून म्हणाला, "सर, ब्रेक मारला की मजाच जाते." सगळे हसले. मीही हसलो.

तो मुलगा पुढच्या वर्षी बासरच्या रस्त्यावर गेला. संध्याकाळची वेळ, सरळ रस्ता, पुढं वळण. नाव घेत नाही, त्याच्या घरचे या गावातच आहेत. चित्रपटामुळं तो गेला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही आहे. पण एका समीक्षकाच्या नात्यानं मला माझी चूक सांगितली पाहिजे. त्या चित्रपटात ब्रेकबद्दल जे सांगितलंय ते मी पाऊण तासात एकदाही बोललो नव्हतो.

आधी आपल्या हिंदी सिनेमाचं थोडक्यात बघू. फिरोज खानचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'अपराध', १९७२ चा. नायक शर्यतीचा ड्रायव्हर, आणि शर्यत कुठली? जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची. हा ट्रॅक १९२७ साली सुरू झाला. त्याचा उत्तरेकडचा जुना फेरा जवळजवळ २१ किलोमीटरचा आहे, डोंगरातून, जंगलातून जाणारा. त्याची गंमत अशी की तो केवळ शर्यतवाल्यांचा नव्हताच. सुरुवातीपासून साधा माणूस पैसे भरून आपली स्वतःची गाडी तिथं चालवू शकतो, आजही. जगातल्या हौशी ट्रॅक ड्रायव्हिंगची ती एक पंढरीच म्हणा. पण 'अपराध'ला त्यात रस नाही. शर्यत झाली, नायक जिंकला, पुढं मुमताज आणि चोरीच्या दागिन्यांची भानगड सुरू. ट्रॅक तिथं केवळ नायकाची रुबाबदार ओळख करून देण्यापुरता आहे.

दुसरा 'ता रा रम पम', २००७ चा. सैफ अली खान शर्यतीचा ड्रायव्हर. अपघात होतो, मग त्याला ट्रॅकवर भीती वाटायला लागते, घर बुडतं. शेवटी तो भीतीवर मात करतो आणि जिंकतो. इथं भीती म्हणजे आजार. तो बरा झाला की माणूस पुन्हा मर्द झाला! आपल्या पोरांना हे सूत्र तोंडपाठ आहे. भ्यायचं नाही, सोडायचं नाही, दाबायचं.

आता 'फोर्ड व्हर्सेस फेरारी'कडं येऊ. या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली, एक संकलनाचं आणि एक ध्वनिसंकलनाचं. हे लक्षात ठेवा. पडद्यावरचा वेग हा गाडीचा नसतो, तो कात्रीचा आणि आवाजाचा असतो. चटाचटा तुकडे जोडले, इंजिनाची डरकाळी चढवली की बैलगाडीही विमान वाटेल. या चित्रपटातही ती खोटी जागा आहे. दोन गाड्या शेजारी-शेजारी धावतायत, दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडं बघतायत, आणि मग आपला नायक आणखी एक गिअर टाकतो आणि पुढं जातो. मी तुम्हाला विचारतो, चोवीस तासांच्या शर्यतीत सरळ रस्त्यावर हा बाबा इतका वेळ तो गिअर शिल्लक ठेवून कशाला बसला होता? (हशा) पण पोरांच्या डोक्यात राहतो तो हाच क्षण. पुढं जायचं असेल तर पायात अजून थोडी हिंमत पाहिजे.

याच चित्रपटात चार जागा अशा आहेत की त्या याच्या बरोबर उलट बोलतात. त्या मी शिकवायला हव्या होत्या.

पहिली जागा सुरुवातीची. विलो स्प्रिंग्ज नावाच्या ट्रॅकवर छोटी शर्यत आहे. भरवणारी संस्था स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ साली हौशी लोकांनी काढलेली. तिथला अधिकारी माइल्सच्या गाडीची डिकी तपासतो. ठरलेल्या मापाचं सामान ठेवलं तर झाकण नीट लागत नाही, म्हणून गाडी बाद! माइल्स चिडतो, हातोडा घेतो आणि झाकण ठोकून बसवतो. आपण हसतो. पण हा नियम का होता? कारण स्पोर्ट्स कार म्हणजे घरची गाडी, तिच्यात सामान बसलं पाहिजे, तिनंच ट्रॅकवर यायचं आणि तिनंच घरी जायचं, ही मूळ कल्पना. सामान घेऊन घरी जायचंय, हे त्या नियमातच लिहिलेलं आहे.

दुसरी जागा हेन्री फोर्ड दुसरा याची. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक. शेल्बी त्याला शर्यतीच्या गाडीत बसवतो आणि सुसाट फिरवतो. गाडी थांबते तेव्हा मालक ओक्साबोक्शी रडतोय. चेष्टेचा प्रसंग वाटतो. पण बघा, लाखो गाड्या विकणाऱ्या माणसाला गाडी काय करू शकते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. त्याला वाटलेली भीती आजार नाही. ते ज्ञान आहे, उशिरा झालेलं.

तिसरी जागा मला सगळ्यात मोलाची. माइल्स आणि त्याचा लहान मुलगा धावपट्टीवर बसलेत. बाप मुलाला निर्दोष फेरीबद्दल सांगतो. एकही चूक नाही, गिअर जिथं टाकायचा तिथं, वळण जिथं घ्यायचं तिथं. त्या बोलण्यात फेरारी नाही, कुणाला हरवणं नाही. स्पर्धा आहे ती माणसाची आणि एका रेषेची. हौशी ड्रायव्हिंग म्हणतात ते हेच.

चौथी जागा शेवटची. माइल्स खूप पुढं आहे. कंपनीला तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडतानाचा फोटो पाहिजे. चित्रपट निर्णय माइल्सवर सोडतो, आणि तो पाय काढतो. वेगावरच्या चित्रपटाचा कळसाचा क्षण म्हणजे नायकानं गाडी हळू केली, हा! पुढं नियमावर बोट ठेवून विजय दुसऱ्या गाडीला दिला जातो, कारण ती सुरुवातीला मागं उभी होती, म्हणजे अंतर जास्त कापलं. हे खरंच घडलेलं आहे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेला. चित्रपटात त्या वेळी ब्रेक दगा देतात. म्हणजे सबंध गोष्टीत ब्रेक आहेतच. ते तापतात, संपतात, ल मांला सगळा संच बदलावा लागतो, आणि शेवटी तेच नसतात. चित्रपट ब्रेकबद्दल आहे, आणि मी ॲक्सिलरेटरबद्दल बोलत बसलो.

हे मला केव्हा कळलं? माझा एक जुना विद्यार्थी चेन्नईत नोकरीला आहे. त्या अपघातानंतर वर्षभरानं त्यानं मला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेलं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० पासूनचा आहे, साधारण पावणेचार किलोमीटरचा. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. तिथं त्या दिवशी हौशी लोकांचा ट्रॅक डे होता. शर्यत नाही, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. कुणी पॉर्श घेऊन आलेलं, तर कुणी रोजची पोलो, स्विफ्ट.

मला वाटलं होतं, गेलं की गाड्या सुटतील. छे! सकाळचा तासभर वर्गच. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, लाल म्हणजे सगळं थांबवायचं, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पहिल्या फेऱ्या हळू, टायर आणि ब्रेक गरम व्हायला. शेवटची फेरीही हळू, ते थंड व्हायला. तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचा नाही. आणि शिकवणारा पहिल्यांदा काय शिकवतो? ब्रेक. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, जोरात दाबायचा. मग हळूहळू सोडत वळणात शिरायचं, बाहेरून आत आणि आतून बाहेर. वळणात उशिरा ब्रेक मारणारा शूर नसतो, तो कच्चा असतो.

दुसरी गोष्ट ओव्हरटेकची. ठरलेल्या सरळ जागीच पुढं जायचं, तेही पुढच्यानं हात दाखवून वाट दिली तरच. मी माझ्या विद्यार्थ्याच्या पोलोत शेजारी बसलो होतो. मागं एक पॉर्श आली. आपल्या रस्त्यावर काय झालं असतं? हॉर्न, दिवे, शिवी. इथं तो करोडोचा मालक दोन वळणं गुमान मागं राहिला. सरळ भाग आला, आमच्या पोरानं खिडकीतून हात दाखवला, तो गेला. जाताना त्यानंही हात केला. छोट्या गाडीनं परवानगी द्यायची आणि मोठ्या गाडीनं ती मिळेपर्यंत थांबायचं, हे मी भारतात फक्त तिथं बघितलं. (टाळ्या)

मला माझ्या लहानपणीचा शंकरपट आठवला. आमच्याकडची म्हातारी माणसं जोडी सुटते कशी यापेक्षा थांबते कशी, धुरकरी तिला आवरतो कसा, हे बघायची. जोडी आवरली नाही तर सेकंद कितीही कमी असो, ती मान हलवायची. शंकरपटावर २०१४ मध्ये बंदी आली, पुढं राज्यानं कायदा केला आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो कायम ठेवला. तो वाद वेगळा. मला एवढंच म्हणायचंय की वेगाची समीक्षा आपल्याकडं नव्हती असं नाही. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडं ती होती. माझ्याकडं नव्हती.

आता आक्षेप. एक, हे श्रीमंतांचं खूळ आहे. खरंय. टायर झिजतात, पेट्रोल जळतं, गाडीचा नेहमीचा विमा ट्रॅकवर सहसा चालत नाही. त्याचं कौतुक करायला मी आलो नाही. पण श्रीमंताला पैसे भरून जे शिकायला मिळतं ते गरिबाच्या पोराला फुकटसुद्धा कुणी शिकवत नाही, हा माझा मुद्दा आहे. दोन, ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस रस्त्यावर जास्तच सुसाट जाईल. काही जण जातही असतील. पण ज्यानं एकदा १२० वरून गाडी पूर्ण थांबवून बघितली, त्याला आकडा कळतो. चांगल्या कोरड्या डांबरावर ६० च्या वेगाला ब्रेक दाबल्यावर कार साधारण १८ मीटरमध्ये थांबते. १२० ला ७० मीटरच्या पुढं जाते. वेग दुप्पट, अंतर चौपट. हे पुस्तकात आहे, पण पुस्तकातलं पायापर्यंत पोचत नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि सरकारी अहवालात सगळ्यात मोठं कारण अतिवेग हेच आहे.

म्हणून समीक्षक म्हणून माझं म्हणणं. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा चांगला चित्रपट आहे, पण तो दोन तोंडांनी बोलतो. त्याचे शब्द आणि त्याची गोष्ट सांगतात की वेग म्हणजे संयम. त्याची कात्री आणि त्याचा आवाज सांगतात की वेग म्हणजे जोर. आवाज मोठा असतो, म्हणून तो आधी ऐकू येतो. शिक्षकाचं, समीक्षकाचं काम त्या गोंगाटातलं हळू बोलणं ऐकून पुढच्याला सांगायचं. ते मी त्या दिवशी केलं नाही. आता तो चित्रपट दाखवतो तेव्हा धावपट्टीवरचा प्रसंग दोनदा दाखवतो, आणि पोरांना विचारतो, सांगा, यात ब्रेक कुठं आहे?

(प्रश्न : सर, चेन्नई कुठं, धर्माबाद कुठं. आमच्या लेकरांना ट्रॅक कुठून आणायचा?)

ट्रॅक आणायची गरज नाही, दादा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. पण आमच्या वर्गात विचारलं तर निम्म्या पोरांनी पुढचा ब्रेक पूर्ण कधी दाबलेलाच नव्हता. पडू, म्हणतात. मग एका रविवारी मोकळ्या मैदानावर, हेल्मेट घालून, एका जाणत्या मेकॅनिकला सोबत घेऊन, २० च्या वेगाला, मग ३० च्या, नुसतं थांबायला शिकवा. चुन्याची रेघ मारा आणि किती अंतरात थांबला ते लेकरालाच मोजू द्या. आम्ही दोनदा केलं. दुसऱ्या वेळी त्या मुलाचे वडील आले होते. काही बोलले नाहीत. रेघ पुसली की वाकून पुन्हा मारायचे, शेवटचं पोरगं होईपर्यंत.