‘यशात ईक्यूचा वाटा ८० टक्के’ : हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी



गेल्या महिन्यात एका मुलीचा मेसेज आला. ती कामशेतजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते. पेट पास झाली आहे आणि आता शिक्षणशास्त्रात पीएचडीसाठी सिनॉप्सिस द्यायचा आहे. ‘ताई, एकदा नजर टाकता का? आठ दिवसांत द्यायचाय.’

विषय होता मावळ तालुक्यातल्या अकरावीच्या विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक संपादणूक यांचा सहसंबंध. पहिल्याच परिच्छेदात म्हटलं होतं, की आयुष्यातल्या यशात बुद्ध्यंकाचा वाटा २० टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा ८० टक्के असतो, हे डॅनियल गोलमन यांनी सिद्ध केलं आहे. आणि शेवटी, भविष्यातल्या समाजात हेच सर्वांत महत्त्वाचं कौशल्य ठरणार आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेत ऐकलं असेल. मीही ऐकलंय, आणि वहीत उतरवूनही घेतलंय. मी मुळात पदार्थविज्ञानाची. मानसशास्त्र हा माझा विषय नाही. पण माझं सगळं काम मोजमापाच्या उपकरणांवर आहे, त्यामुळे कुणी ‘इतके टक्के’ म्हटलं की ‘मोजलं कशानं?’ हा प्रश्न आपोआप येतो. तेवढ्यासाठी गोलमन यांचं पुस्तक पुन्हा वाचलं. आजचा लेख त्यावर.

पुस्तकात काय आहे

‘इमोशनल इंटेलिजन्स’ १९९५ साली आलं. संकल्पना मात्र गोलमन यांची नव्हे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोघांनी १९९० मध्ये एका शोधनिबंधात ती मांडली होती. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक कळणं आणि ती माहिती विचार व कृतीसाठी वापरता येणं, एवढीच त्यांची मर्यादित व्याख्या. गोलमन मानसशास्त्र शिकलेले आणि पेशाने पत्रकार. त्यांनी मेंदूविज्ञान, शाळा, संसार, नोकरी सगळं एका धाग्यात ओवलं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मार्कांपलीकडेही मूल असतं, हे त्यांनी जगभरच्या पालकांना ऐकायला लावलं.

पण धाग्यात ओवताना व्याख्या फुगली. चिकाटी, आत्मसंयम, आशावाद, स्वतःला प्रेरणा देणं, असं बरंच काही तिच्यात आलं. एका शब्दात इतकं मावायला लागलं, की तो शब्द मोजणं अवघड होतं.

८० टक्क्यांचं गणित

आता तो आकडा. गोलमन यांचं म्हणणं असं होतं, की यश ठरवणाऱ्या घटकांत बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के, उरलेले ८० टक्के इतर घटकांचे. इतर म्हणजे सगळे इतर. घरची परिस्थिती, जात, लिंग, शाळा, तब्येत, नशीब. ते ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेचे आहेत असं त्यांनी म्हटलेलं नाही. दहा वर्षांनी आलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतः हा गैरसमज खोडून काढला. अर्थात, मुखपृष्ठावरच ‘बुद्ध्यंकापेक्षा जास्त महत्त्वाची का ठरू शकते’ अशा अर्थाचं उपशीर्षक असल्यावर वाचक दुसरं काय समजणार? ती जबाबदारी लेखकाकडेही जाते.

परीक्षेत आणि मुलाखतीत विचारलं जातं म्हणून हे नीट बघा. सहसंबंध गुणांक ०.४५ असेल तर त्याचा वर्ग साधारण ०.२०. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी २० टक्के फरक त्या चलाशी जोडता येतो. उरलेला ८० टक्के ‘अजून न समजलेला’ असतो. मावळातलं उदाहरण घेऊ. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा वाण प्रसारित झाला. समजा, वेगवेगळ्या खाचरांतल्या उताऱ्यातला २० टक्के फरक पावसाने समजावता आला. मग उरलेले ८० टक्के खताचे, असं खतवाला म्हणाला तर शेतकरी हसेल. जमीन, रोपांचं वय, लावणीची वेळ, कीड गेली कुठे? कार्यशाळेत मात्र आपण माना डोलावतो.

दोन फूटपट्ट्या

समजा आकडा सोडला. निदान भावनिक बुद्धिमत्ता मोजता तर येते? दोन प्रकारे मोजतात. एक, क्षमता-चाचणी. मेयर, सॅलोव्ही आणि कारुसो यांची एमएससीईआयटी ही त्यांतली सर्वांत परिचित. चेहऱ्यांची चित्रं, प्रसंग आणि त्यांवर प्रश्न. पण बरोबर उत्तर कोण ठरवणार? बहुतेकांनी जे दिलं ते, किंवा तज्ज्ञांनी जे ठरवलं ते. म्हणजे बहुमतापेक्षा बारकाईने वाचणाऱ्याचे गुण कमी होऊ शकतात. दोन, स्व-अहवाल. ‘मला माझ्या भावना सहज व्यक्त करता येतात’ अशा धर्तीची विधानं आणि पुढे पाच पर्याय. बार-ऑन यांची ईक्यू-आय याच जातीची, आणि आपल्याकडे एमएड-पीएचडीला वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच मापनश्रेणीही.

ब्रॅकेट आणि मेयर यांनी २००३ मध्ये या दोन चाचण्यांचे गुण ताडून पाहिले. सहसंबंध निघाला ०.२१. वर्ग करा, साधारण चार टक्के. माझ्या प्रयोगशाळेत एकाच खोलीचं तापमान दाखवणाऱ्या दोन उपकरणांत इतका कमी मेळ असता, तर आधी मी दोन्ही बंद केली असती. निदान दोघांना ‘तापमापक’ म्हटलं नसतं.

नीट मोजण्याचं उदाहरण आपल्या लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं. नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी क्ष-किरण वापरले, मोठ्या आतड्यातला दाब दाबमापकाने मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज टिकतील असं मी म्हणत नाही. पण इथे काय मोजलं, कुठे मोजलं, कशानं मोजलं हे वाचकाला कळतं. खोडायचं असेल तर खोडताही येतं. शंभर वर्षांपूर्वीची ही शिस्त आपल्या सिनॉप्सिसमध्ये का नसावी?

आणि भविष्य?

‘भविष्यातलं कौशल्य’ या दाव्यामागे बहुधा वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०१६ चा अहवाल असतो. २०२० सालासाठीच्या दहा कौशल्यांत त्यात भावनिक बुद्धिमत्ता होती. पण तो अहवाल मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना विचारून केलेला. म्हणजे मालकांना काय हवंय, ते त्यातून कळतं. समाजाला काय लागेल, हा वेगळा प्रश्न.

हा फरक लोणावळ्यात शनिवार-रविवारी उघड्या डोळ्यांनी दिसतो. रिसॉर्टच्या रिसेप्शनवरची मुलगी बारा तास हसतमुख असते. पाहुणा ओरडला तरी ‘सॉरी सर’. आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. जोसेफ आणि न्यूमन यांच्या २०१० च्या एकत्रित विश्लेषणातही हेच दिसतं : जिथे असे श्रम जास्त, तिथेच भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध ठळक असतो, सगळीकडे नाही. मग ‘भविष्यात हे कौशल्य लागेल’ याचा एक अर्थ असा, की हे श्रम वाढतील. ते कोण करणार आणि त्याचा पगार मिळणार का, हे गोलमन यांच्या पुस्तकात शोधून सापडत नाही. माझा त्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच. जिथे व्यवस्थेचा प्रश्न आहे, तिथेही ते माणसाच्या स्वभावात उत्तर शोधायला लावतं.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार जीव गेले. नंतर सगळीकडे चर्चा काय, तर लोकांना भान नाही, संयम नाही. गर्दी होती हे खरं, धोक्याचा फलक होता हेही खरं. पण नवा पूल मंजूर होऊनही उभा राहिलेला नव्हता, हेही तितकंच खरं. पर्यटकांचा ईक्यू वाढवून तो पूल उभा राहिला नसता.

पुढचा धोका यंत्रांचा. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर विकली जात आहेत. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पुराव्यांचा मोठा आढावा घेतला. केवळ चेहऱ्याच्या हालचालीवरून मनातली भावना खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून शाळा आणि कामाच्या ठिकाणी असा वापर काही अपवाद वगळून बंद केला. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० समग्र प्रगतीपत्रकात भावात्मक बाजूही घ्या म्हणतं. हेतू चांगलाच आहे. पण ती बाजू कुठल्या फूटपट्टीने भरणार, हे विचारायचं काम तुमच्यासारख्या संशोधकांचं.

मग विषय सोडायचा का?

हे सगळं फोनवर सांगितल्यावर ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, ‘ताई, मी हा विषय एका मुलीमुळे घेतला.’ डोंगरावरच्या ठाकरवाडीतून येणारी, वर्गात वर्षभर एक शब्द न बोलणारी मुलगी. तिला मदत व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप. मी विचारलं, ‘तुझ्या प्रश्नावलीत तिला किती गुण पडतील?’ तिने मोजून पाहिलं. सर्वांत कमी. म्हणजे जिच्यासाठी संशोधन, तिच्यावरच ‘भावनिक बुद्धिमत्ता निम्न’ असा शिक्का बसणार. ती मुलगी घरी दोन धाकट्या भावंडांना सांभाळते, रडतं कोण आणि का हे तिला न सांगता कळतं. ते प्रश्नावलीत कुठेच येत नाही.

तेव्हा विषय सोडू नका, लहान करा. कुठली एक क्षमता, कुणाची, कुठल्या प्रसंगात, ते लिहा. मापनश्रेणी कुणावर प्रमाणित झाली आहे, तिची भाषा तुमच्या मुलांच्या घरची आहे का, हे आधी तपासा. ‘सिद्ध केले आहे’ लिहिण्याआधी मूळ पान उघडा. आणि सहसंबंध मिळाला, की त्याचा वर्ग करून शांतपणे बघा.

तिने शीर्षक बदललंय. आता ती वर्गात कोण केव्हा बोलतं, कुणाशी बोलतं आणि कुठल्या भाषेत, याच्या नोंदी घेणार आहे. नमुना लहान झाला, काम वाढलं. गाइड काय म्हणतात ते सोमवारी कळेल.