कबुलीचे व्याकरण

उपवासकाळ सुरू झाला की पापनिवेदनासाठी रांगा लागतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या मनात एक यादी तयार असते. ती प्रार्थनापुस्तकातून उचललेली असते, लहानपणी आईने पाठ करून घेतलेली असते, किंवा सरळ गेल्या वर्षीचीच असते. राग आला. खोटे बोलले गेले. मिस्सा चुकली. प्रार्थनेकडे दुर्लक्ष झाले. वाचकांनी या चार वाक्यांकडे क्षणभर केवळ मराठीचे विद्यार्थी म्हणून पाहावे, अशी आमची विनंती आहे. यांत पाप करणारा कोठे आहे? राग आपल्या पायांनी चालत आला, खोटे आपोआप बोलले गेले, मिस्सा बिचारी स्वतःच चुकली. ज्याने हे सारे केले तो मनुष्य मात्र वाक्याच्या बाहेर हात जोडून उभा आहे.

(येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पापनिवेदनाच्या गुप्ततेने आम्ही बांधलेले आहोत. वरील उदाहरणे आमच्या स्वतःच्या निवेदनातील आहेत. धर्मगुरूलाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.)

दोष मराठीचा नव्हे. भूक लागते, झोप येते, आठवण येते. जे आपल्या हाती नाही ते अशा तऱ्हेने सांगण्याची आपल्या भाषेची ही नम्र रीत आहे. याच भाषेत तुकोबांनी आपले दोष आपल्या नावावर मांडले आहेत. सोय भाषेची आहे, तिचा आडोसा आम्ही केला आहे.

हा विचार मनात घोळत असताना संत ऑगस्टीन यांचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ आम्ही पुन्हा हाती घेतला. सेमिनरीत तो परीक्षेसाठी वाचला होता. म्हणजे वाचला नव्हता असेच म्हणावे लागेल. आजच्या अल्जेरियातील हिप्पो येथे बिशप असताना, इ. स. ३९७ च्या सुमारास, चाळिशी ओलांडलेल्या ऑगस्टीन यांनी तो लिहावयास घेतला. ग्रंथ तेरा भागांचा आहे आणि सारा परमेश्वराशी बोलत लिहिलेला आहे. त्याच्या नावातील लॅटिन शब्दाला पापाची कबुली आणि देवाची स्तुती असे दोन्ही अर्थ आहेत. आमच्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेला 'कुमसार' हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळापासून आला. वाटेत स्तुतीचा अर्थ तेवढा गळून पडला.

ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नासपतीच्या चोरीचा प्रसंग येतो. सोळा वर्षांचा ऑगस्टीन आणि त्याचे सोबती रात्री शेजारच्या झाडाची फळे ओरबाडतात आणि बहुतेक डुकरांपुढे टाकून देतात. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. या क्षुल्लक चोरीसाठी लेखकाने त्या भागाच्या दहा प्रकरणांतील सात खर्ची घातली आहेत, आणि एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशासाठी, अशी टीका त्यांच्यावर झालेली आहे. आम्हांस ती पटत नाही. 'चोरी केली, एकदा' एवढे म्हणून यादी पुढे सरकली असती. ऑगस्टीन तेथे थांबतात आणि आपल्याला नेमके काय आवडले, हे स्वतःला विचारत राहतात. फळ नव्हे, चव नव्हे, मग काय? मनाई मोडण्याची मौज? सोबत्यांचे हसणे? एकट्याने आपण हे केले नसते, असेही ते कबूल करतात; पण म्हणून दोष सोबत्यांवर ढकलत नाहीत.

याचे कारण पाचव्या भागात सापडते. तरुणपणी ते मानी पंथाच्या नादी लागले होते. पाप आपण करीत नाही, आपल्यातील दुसरीच कोणती तरी प्रकृती करते, ही त्या पंथाची शिकवण आपल्या गर्वाला फार गोड वाटे, असे ते लिहितात. हे वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. 'राग आला' म्हणताना आम्ही तरी दुसरे काय करीत होतो?

परंतु संतांच्या लेखणीलाही एके ठिकाणी ठेच लागली आहे, आणि भक्तीपोटी ती झाकणे बरे नव्हे. सुमारे पंधरा वर्षे जिच्याशी संसार केला, जिच्यापोटी आदेओदातुस हा पुत्र झाला, त्या स्त्रीला श्रीमंत घरची सोयरीक जुळवताना आफ्रिकेस परत धाडण्यात आले. तिची कथा सहाव्या भागात मोजक्या ओळींत उरकली आहे. तिचे नाव नाही. ती आपल्या बाजूपासून तोडली गेली, अशी त्या वाक्याची लॅटिन रचना आहे. कोणी तोडली? वाक्य सांगत नाही. स्वतःच्या हृदयाला झालेली जखम लेखक सांगतो, तिचे हृदय वाचकाने कल्पावे. फळांसाठी सात प्रकरणे लिहिणारा हा थोर माणूस येथे आमच्याच रांगेत येऊन उभा राहतो. ग्रंथाची उंची यामुळे कमी होत नाही. पण कबुलीत सर्वांत अवघड वाक्य कोणते, हे मात्र कळते. ज्यात दुखावलेला दुसरा मनुष्य असतो, ते.

म्हणून याच्याशेजारी गांधीजींच्या आत्मकथेतील 'चोरी आणि प्रायश्चित्त' हे प्रकरण ठेवून पाहावे. भावावर सुमारे २५ रुपयांचे कर्ज झाले होते, ते फेडण्यासाठी पंधरा वर्षांच्या मोहनदासने त्याच्याच कड्यातील सोने काढले. बोलण्याचे धैर्य होईना, तेव्हा चिठ्ठी लिहून त्याने ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील उठून बसले, त्यांनी ती वाचली, डोळ्यांतील पाण्याने कागद भिजला, आणि तो फाडून ते पुन्हा आडवे झाले. बोलले काहीच नाहीत. चिठ्ठीत मुलाने शिक्षाही मागितली होती. मात्र आपल्या अपराधासाठी वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत, अशी विनवणी केली होती. ही कबुली लिहिणाऱ्याला आपल्या सुटकेइतकीच समोरच्याच्या दुःखाचीही काळजी आहे. ख्रिस्ती नसलेल्या घरातील हे पान सेमिनरीत शिकवले जावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, हा दंडक १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. तो पाळणे सोपे आहे. आम्ही सेमिनरीपासून कसोशीने पाळला आहे. तरीही आई वारल्यानंतर वाटणीच्या वेळी थोरल्या भावाला आम्ही चार माणसांत एक शब्द बोललो, आणि पुढे अकरा वर्षे प्रत्येक निवेदनात 'भावाशी बोलणे खुंटले आहे' असे सांगून पापक्षमा घेत राहिलो. एके वर्षी एका वृद्ध धर्मगुरूंनी जाळीपलीकडून विचारले, "कोणी खुंटवले?" आम्ही गप्प राहिलो. "ते वाक्य आधी नीट करा," ते म्हणाले, "आणि ज्याला ऐकवायचे, त्याला ऐकवा."

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्रही वाटेने वाक्य जुळवीत येतो. त्याची सुरुवातच 'मी' पासून आहे. शेवट मात्र, आपल्याला चाकर म्हणून ठेवा ही मागणी, बाप बोलूच देत नाही. कथेतील ही तुटलेली जागा आम्ही शेकडो प्रवचनांत ओलांडून गेलो होतो.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. दादा विहिरीवर पंपाची दुरुस्ती करीत होता. एसटीत बसून जुळवलेले वाक्य आम्ही उभ्यानेच म्हटले, 'मी' पासून सुरुवात करून, त्या दिवशी उच्चारलेल्या शब्दासकट. त्याने ते पूर्ण ऐकून घेतले. मग पान्हा खाली ठेवून, हात पुसत तो म्हणाला, "विहिरीच्या हिश्श्याचे अजून बोलायचे आहे. पण आता जेवून जा."